कात्री लपवलेला उन्हाळा

एप्रिल सरत आला की आमच्या चौकात फलक लागतात. गेल्या वर्षी डॉक्टरकीला लागलेल्या पोरापोरींचे फोटो, गळ्यात हार, कपाळाला गंध, आणि खाली क्लासचं नाव त्या पोरांच्या नावापेक्षा मोठं. ते टाळून भाजीला जायचं म्हटलं तर मला लांबचा वळसा पडतो, आणि सोलापूरच्या उन्हात कुणी हौसेने वळसा घालत नाही. मी घालते. घरी येते, पिशवी ओट्यावर टेकवते, घोटभर पाणी पिते आणि पुन्हा उगाच दारात जाऊन उभी राहते. गॅसवर काही नसताना गॅस बघून येते. आमचे हे म्हणतात, तुझ्या पायाला भिंगरी लागली की मला कॅलेंडर बघावं लागत नाही. खरं तर आमच्या घरात आता डॉक्टरकीच्या त्या परीक्षेला बसणारं कुणीच नाही. पण अंगाला ऋतू कळतो. रसवंतीच्या घुंगरांचा आवाज, कूलरमधल्या ओल्या वाळ्याचा वास, दुपारी ओस पडलेला रस्ता, एवढं सगळं एकदम जमलं की माझा हात आपोआप गाऊनच्या खिशाकडे जातो. खिसा रिकामा असतो. तरी मी चाचपून बघते.

त्या उन्हाळ्यात त्या खिशात कात्री असायची.

वैशू, म्हणजे आमची वैष्णवी, एकुलती एक. बारावीनंतर मनासारखे मार्क पडले नाहीत म्हणून एक वर्ष थांबून परीक्षा पुन्हा द्यायची ठरली आणि ती लातूरला क्लासला गेली. जानेवारीत परत आली. न कळवता, ऐन गड्ड्याच्या दिवसांत. गड्डा म्हणजे आमच्या सिद्धेश्वराची जत्रा. त्या दिवसांत गावातले अर्धे रस्ते बंद असतात, रिक्षा आत येत नाहीत, आणि माणसं पांढऱ्याशुभ्र कपड्यांत नंदीध्वजांच्या उंच काठ्यांमागे चाललेली असतात. त्या गर्दीतून ही पोर आपली पत्र्याची ट्रंक ओढत घरापर्यंत आली. दार उघडलं तर समोर उभी. चेहरा उन्हाने लाल, ओठ सुकलेले. आत आली, चप्पल काढली, दिवाणावर बसली आणि म्हणाली, "मी आता परत जाणार नाही." त्यानंतर कितीतरी दिवस तिच्या तोंडून यापेक्षा मोठं वाक्य आलं नाही.

नातेवाइकांना आवरणं अवघड असतं. कुणी म्हणालं, पोरगी पळून आली. कुणी म्हणालं, एवढं काय मनाला लावून घ्यायचं, आमच्या अमक्याच्या मुलाने तीनदा दिली. फोनवर मी हो हो म्हणायची आणि डोळा आतल्या खोलीवर ठेवायची. ती खोली म्हणजे तिची अभ्यासाची आणि माझी शिलाई मशीनची. घर लहान असल्याने दोघींची कामं आधीपासूनच एकमेकींना चिकटलेली. मी साड्यांना पिको-फॉल करून देते. एका भिंतीला माझी पायमशीन, दुसऱ्या भिंतीला तिचं टेबल. टेबलावर पुस्तकांची चळत तशीच होती आणि पोर पाठ करून झोपलेली असायची, किंवा झोपल्यासारखी.

एका सकाळी हे स्क्रूड्रायव्हर घेऊन आले आणि त्या खोलीच्या दाराची आतली कडी काढून टाकली. अडकते म्हणाले. ती कडी कधीही अडकत नव्हती. मी काही विचारलं नाही, त्यांनी काही सांगितलं नाही, आणि आम्ही दोघांनी एकमेकांच्या तोंडाकडे बघायचं टाळलं. ते कामाला गेल्यावर मी औषधांचा डबा माळ्यावर टाकला. मशीनच्या खणातल्या दोन्ही कात्र्या काढल्या, मोठी कपाटात कुलपात ठेवली आणि लहान माझ्या खिशात. स्पष्टच सांगते. मला भीती वाटत होती, की माझी पोर स्वतःच्या जिवाचं काहीतरी करून घेईल. पेपरात अशा बातम्या यायच्या तेव्हा मी पान उलटायची. आता ते पान माझ्या घरात उघडं पडलं होतं आणि ते शब्द तोंडातून काढायचं धाडस माझ्यात नव्हतं. तिला विचारायचं कसं? विचारलं आणि नव्हतंच तिच्या मनात, तर मीच ते तिच्या मनात घातल्यासारखं होईल, असं वाटायचं. म्हणून मी विचारलं नाही. फक्त फिरत राहिले. स्वयंपाकघरातून खोलीत, खोलीतून अंगणात, अंगणातून खोलीत.

त्याच खणात तिला क्रोशाची सुई सापडली. माझ्या लग्नाआधीची, आणि सोबत एका अर्धवट रुमालाचा पिवळट पडलेला दोरा. सुई हातात धरून ती म्हणाली, हे कसं करतात? इतक्या दिवसांनी तिने काहीतरी विचारलं याचाच मला एवढा आनंद झाला, की गॅसवरचं दूध उतू गेलं. मी तिला साखळी घालायला शिकवली, मग खांब. तिचा हात पहिल्या दिवसापासून घट्ट. टाका इतका आवळायची की पुढच्या ओळीला सुईचं टोक आत शिरायचं नाही. सैल धर, सैल धर, मी म्हणायची. ती मान हलवायची आणि तसंच आवळायची. पण विणत राहिली. नवी पेठेतून मी तिला जाड सुती दोऱ्याचे गुंडे आणून दिले, विटकरी, मोरपंखी आणि एक राखाडी. दुकानदार म्हणाला, आता असल्या दोऱ्याच्या टोट बॅगा विणायचं फॅड आलंय, पोरी लई नेतात. मी घरी येऊन हे सांगितलं. पिशवी म्हटलं की भाजी आणि टोट बॅग म्हटलं की कॉलेज, एवढाच काय तो फरक, असंही म्हटलं. ती हसली नाही, पण तिने राखाडी गुंडा उचलला.

सकाळपासून ती चौकोन विणायची. पिशवीची एक बाजू होईल एवढा. चांगला भरत यायचा, कडा सरळ, मधे जाळी. दुपारी ऊन भिंतीवर चढायचं, कूलर घरघरायचा, बाहेर कुत्रंही हलायचं नाही, आणि सुईचा तो बारीक हालता हात बघून मला वाटायचं, आज बरी आहे, आज नक्की बरी आहे. आणि दिवेलागणीला ती सुई बाजूला ठेवायची, मोकळा टाका बोटाने ओढायची आणि अख्खा चौकोन उसवून टाकायची. उसवताना क्रोशाचा एक आवाज होतो. तट तट तट, एकसारखा, आणि दोरा कुरळा होऊन मांडीवर पडत जातो. मग ती तो नीट गुंड्याला गुंडाळायची. दुसऱ्या दिवशी तोच दोरा, तोच चौकोन, संध्याकाळी पुन्हा तट तट तट. तेवढा वेळ मी अंगणात जाऊन तुळशीला नको तितकं पाणी घालायची. केलेलं सगळं रोज पुसून टाकायचं, ह्याचा मला एकच अर्थ लागत होता आणि तो मला नको होता.

तिला त्या खोलीत एकटं सोडायचं नाही हे मी ठरवलं होतं, पण दिवसभर बसायला कारण हवं. लग्नसराईच्या साड्या संपल्या की मशीनवर माझं काम उरत नसे. नुसती बसले की ती भिंतीकडे तोंड करायची. तेव्हा राजेश्वरीअक्का देवासारख्या धावून आल्या. त्या आमच्या शेजारीण, घरी तेलुगू बोलतात, आणि त्यांचे यजमान चादरीच्या कारखान्यात. काठाला दोष राहिलेल्या चादरींचे तुकडे त्यांच्याकडे पोत्याने पडलेले. एक पोतं आमच्या दारात टेकवून म्हणाल्या, "घ्या की वहिनी. घरी नुसतं पडून हाय. पोरगी विणायली, तुम्ही शिवा." पोरीचं काय झालं, परत का आली, हे गल्लीत न विचारणारी ही एकच बाई. जाताना खोलीत डोकावून तिला म्हणाल्या, छान करायलीस गं, आणि गेल्या.

मी पिशव्या शिवू लागले. सोलापुरी चादर मशीनखाली घालणं म्हणजे कसरत. कापड जाड, दुहेरी केलं की सुई कण्हते. जाड सुया आणल्या तरी मोडायच्या. धागे सुटून नाकात जायचे, शिंका यायच्या. पण मला खोलीत बसायला हक्काचं काम मिळालं. ती दिवाणावर विणत बसायची आणि मी मशीनवर शिवत बसायची, मधे कूलर. दोघी गप्प. कापड कापायचं असलं की मी तुकडा उचलून स्वयंपाकघरात जायची, खिशातली कात्री काढून ओट्यावर कापायची आणि परत यायची. ती कधी विचारायची नाही, की आई, तू कापायला तिकडे का जातेस.

मार्चमधली एक दुपार. वीज गेली होती. कूलर बंद पडला की खोलीत एकदम शांतता होते आणि उकाडा अंगावर येतो. वैशू खरंच झोपली होती, तोंड किंचित उघडं, लहानपणी झोपायची तशी. तिच्या उशाशी त्या दिवशीचा चौकोन पडला होता. मोरपंखी, पुरा झालेला, इतका देखणा की तो संध्याकाळी उसवलेला मला बघवणार नव्हता. मी मनाशी म्हटलं, आज हा उसवू देणार नाही. एकदा कापडावर शिवून टाकला की काय उसवशील? पायमशीनला वीज लागत नाही. मी मोराच्या नक्षीच्या चादरीचा लांब तुकडा घेतला, मधोमध दुमडून खूण केली, उलगडून एका अर्ध्यावर तो चौकोन ठेवला आणि चारही बाजूंनी शिलाई मारत सुटले. कच्ची शिलाई नाही, मापं नाहीत, काही नाही. चोरी करताना माणूस घाई करतो तशी केली. पुन्हा दुमडून कडा शिवल्या, पिशवी उलटवून सुलटी केली, आणि वर बघते तर पोर उठून बसलेली.

तिने पिशवी हातात घेतली. पुढून बघितली, उलटून मागून बघितली, पुन्हा पुढून. मग मला कळलं. मी चादर दुमडली होती, तळाला जोड दिलाच नव्हता, त्यामुळे एका बाजूचे मोर सरळ उभे होते आणि दुसऱ्या बाजूचे खाली डोकं वर पाय. शिवणकामात इतकी वर्षं गेलेल्या बाईने करायची ही चूक नव्हे. "आई," ती म्हणाली, "हे मोर शीर्षासन करायलेत." आणि ती हसली. नुसते ओठ हलले नाहीत. ती पोट धरून हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मी पण हसले आणि माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. ते मी गाऊनच्या बाहीने आणि तिने ओढणीने पुसलं.

हसता हसता तिला तो गुंडा दिसला. चौकोनातून निघालेला दोरा पिशवीवरून खाली लोंबत होता आणि त्याच्या टोकाला अख्खा गुंडा. मी तो तसाच ठेवून शिवलं होतं. तिने गुंडा उचलून माझ्यासमोर धरला. मी म्हटलं, तू रोज उसवतेस, मला नाही बघवत. ती अगदी हळू म्हणाली, "दोरा कापून ओढून घेतल्याशिवाय शेवटचा टाका बंद होत नाही, आई. कात्री कुठंय?"

माझा हात खिशावर गेला आणि तिथेच राहिला.

"तुझ्या खिशात असते, मला माहितीये," ती म्हणाली. मग मागितली का नाहीस, मी विचारलं. ती पिशवीवरचे मोर बोटाने चाचपत म्हणाली, "मागितली असती तर तू घाबरली असतीस. द्यावी का न द्यावी, ह्याच्यात पडली असतीस. म्हणून उसवायचे."

क्रोशाचं काम संपवताना दोरा कापावा लागतो, हे मलाच तर ठाऊक होतं. मीच तिला पहिली साखळी शिकवली होती. पण भीती एकदा घरात शिरली की हातातलं कामसुद्धा दिसेनासं होतं. मी समजत होते की पोर स्वतःचं सगळं पुसून टाकतेय. आणि ती रोज संध्याकाळी, मला कात्री द्यायची वेळ येऊ नये म्हणून, दिवसभराची मेहनत मोडत होती. मी खिशातून कात्री काढली. तिच्या हातात ठेवली. तिने दोरा कापला, टोक टाक्यातून ओढून घेतलं, गाठ आवळली, आणि कात्रीची पाती स्वतःच्या हातात धरून मूठ माझ्याकडे करून परत दिली. मी ती घेतली. परत खिशात टाकू की खणात, हे मला ठरवता येईना, म्हणून ती बराच वेळ नुसतीच हातात धरून बसले. शेवटी खणात ठेवली. त्या दिवशी मी खणाकडे किती वेळा बघितलं असेल ते माझं मला माहीत.

एका कात्रीने सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. त्यानंतरही काही दिवस असे यायचे, की ती जेवायची नाही, कडक भाकरी नुसती ताटात मोडत बसायची, आणि मी आतबाहेर करत राहायची. पण खोलीतली शांतता बदलली होती. आता आम्ही बोलायचो, पिशव्यांबद्दलच बोलायचो, पण बोलायचो. क्रोशाचे पट्टे ओझ्याने ताणतात हे आम्हाला यांच्यामुळे कळलं. नवी पिशवी घेऊन हे हौसेने बाजारात गेले आणि कलिंगड घेऊन आले. येईपर्यंत पट्टे इतके लांबले की पिशवी गुडघ्याला आपटत होती आणि हे एका बाजूला कलून चालत होते. गल्लीतल्या बायका दारात येऊन बघत होत्या. वैशूने मग पट्ट्यांना आतून चादरीची पट्टी लावायची युक्ती काढली. तिचा हात हळूहळू सैल पडत गेला. पुढे पुढे सुई आत शिरायला त्रास पडेना. मे उजाडेपर्यंत खुंटीवर पिशव्यांवर पिशव्या लटकल्या. काही मोर सरळ होते, काही आम्ही मुद्दाम उलटे ठेवले.

परीक्षेच्या रविवारी ती गेली नाही. आदल्या दिवशीच वडिलांसमोर उभी राहून म्हणाली, मला नाही जायचं. हे थोडा वेळ पंख्याकडे बघत बसले आणि मग म्हणाले, बरं. हा 'बरं' त्यांना किती जड गेला हे मला ठाऊक आहे, कारण मुलगी डॉक्टर होणार हे त्यांनी कामावर सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. जूनमध्ये तिने स्वतःहून सांगितलं, की मला एखाद्या डॉक्टरांशी बोलायचंय, मनाच्या. आम्ही नेलं. अजूनही अधूनमधून जाते. आता ती इथेच कॉलेजात बी.एस्सी. करते. पिशव्यांचा काही धंदाबिंदा झाला नाही. मैत्रिणींना वाटल्या, अक्कांनी दोन नेल्या, एक ओट्यावर असते. लोक विचारतात, एवढं छान येतं तर विकत का नाही? मी हसून सोडून देते. त्या विकायला केल्याच नव्हत्या.

पण तिच्या जिवाबद्दलचा, न विचारलेला तो प्रश्न माझ्यात तसाच राहिला होता. दर उन्हाळ्यात वर येणारा. पोर समोर हसतेखेळते आहे, मग आता कशाला उकरायचं, असं मी स्वतःला बजावायची आणि पुन्हा दारात जाऊन उभी राहायची.

परवाच्या रविवारी परीक्षा होती. आमच्याकडे त्या दिवशी नेमकं पाणी आलं. सोलापुरात पाण्याचा दिवस म्हणजे सगळी कामं बाजूला. पिंपं, बादल्या, हंडे, जे मिळेल ते भरून ठेवायचं. आम्ही दोघी अंगणात होतो, तिच्या हातात पाइप, मी पिंपं पुढे सरकवत होते. गल्लीतून मोटारसायकली चालल्या होत्या. मागे पोरं बसलेली, हातात पाण्याची पारदर्शक बाटली, पुढे बापाचा पाठीवर घामेजलेला शर्ट. एक मुलगी आमच्या दारावरून गेली, तिचे डोळे मिटलेले होते आणि ओठ हलत होते. माझ्याने राहवेना. पाण्याचा आवाज होता, तोंड खाली करता येत होतं, म्हणूनच बहुतेक मला जमलं.

मी विचारलं, "वैशू, त्या वेळी तुझ्या मनात काही वाईट आलं होतं का गं? जिवाचं?"

पिंप भरलं. तिने पाइप दुसऱ्या पिंपात टाकला.

"आलं होतं," ती म्हणाली. "लातूरला असताना. म्हणून तर घरी आले."

इतका काळ मी समजत होते, की पोर हरून घरी आली आणि मग ती भीती आमच्या घरात शिरली, आणि आम्ही कडी काढून, कात्री लपवून तिला सांभाळलं. ती तर आधीच निघाली होती. एकटीने एसटी पकडून, ट्रंक ओढत, बंद रस्त्यांवरून वाट काढत, जिथे जगता येईल तिथे आली होती. आणि आल्यापासून अक्का सोडून प्रत्येकाने तिला विचारलं होतं ते एवढंच, की का आलीस.

मी पिंपाचा काठ धरून उभी राहिले.

"बरं केलंस," मी म्हटलं. "लई बरं केलंस आलीस."